मीटरवर एकास एक, पण गच्चीवर काय? – अँटेना ट्यूनर आणि दोन तारांची शिडी



आपल्यापैकी जे तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना हे चित्र नक्की आठवेल. बाबा गच्चीवर अँटेनाचा पाइप फिरवताहेत, आई खिडकीत उभी आहे आणि आपण टीव्हीसमोर. वरून आवाज येतो, "आलं का?" आपण ओरडतो, "नाही! मुंग्याच आहेत!" पाइप अजून थोडा सिंहगडाच्या दिशेला वळतो. "आता?" "आलं, आलं! राहू द्या तसंच!" बाबांनी हात सोडला की चित्र पुन्हा गायब.

त्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत एक चपटी, पट्टीसारखी वायर यायची. दोन्ही कडांना एकेक तार आणि मध्ये प्लास्टिक. ती वायर चपटीच का, असा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही. यंदा तो माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यातून हा पाठ उभा राहिला. या पाठात माझी एक मोठी चूकही झाली. तीही पुढे सांगणार आहे, कारण ती फक्त रेडिओपुरती नाही.

आमच्या शेजारी एक काका राहतात. कंपनीतून निवृत्त झालेले आणि परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक. त्यांच्या गच्चीवर एक लांब तार आडवी बांधलेली आहे आणि तिच्या मधोमध दोन समांतर तारांची एक बारीक शिडी खाली खिडकीपर्यंत येते. खिडकीच्या आत, रेडिओशेजारी, मोठी गोल बटणं असलेली एक पेटी आहे. काका म्हणाले, "मॅडम, ही शिडी आणि ही पेटी समजली की अर्धा रेडिओ समजला." चला तर मग, क्रमाने समजून घेऊया.

१. तीन भाग : रेडिओ, वाट आणि तार

हॅमच्या केंद्रात तीन मुख्य गोष्टी असतात. रेडिओ संच लहरींची शक्ती तयार करतो. अँटेना ती शक्ती आकाशात सोडते. या दोघांच्या मध्ये शक्ती वाहून नेणारी वाट असते, तिला फीडलाइन म्हणतात. आपलं सगळं लक्ष रेडिओ आणि अँटेनाकडे असतं. वाटेकडे कोणी बघत नाही. पण गडबड बऱ्याचदा तिथेच होते.

आधी अँटेनाची लांबी काढूया. हे गणित सातवीची मुलं सहज करतात. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जाते. म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. हॅम लोकांचा एक आवडता पट्टा ७ मेगाहर्ट्झचा आहे. ३०० भागिले ७.१ म्हणजे सुमारे ४२ मीटर. सर्वांत साधी अँटेना याच्या निम्म्या लांबीची असते. मधोमध कापलेली तार, दोन्ही बाजूंना सारखी. तिला डायपोल म्हणतात. तारेच्या टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात ती साधारण ५ टक्के आखूड ठेवावी लागते. म्हणून हॅम लोक सरळ १४३ भागिले वारंवारता करतात. १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१४ मीटर.

आम्ही ही लांबी शाळेच्या व्हरांड्यात टेपने मोजली. तीन वर्गखोल्या ओलांडून टेप पुढे गेली, तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. "बाई, एवढी मोठी लहर आपल्या अंगावरून जाते?" हो, जाते.

२. जुळणी म्हणजे काय? दोन दोऱ्यांचा खेळ

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक वाटेला आणि प्रत्येक अँटेनाला स्वतःची एक विद्युत 'अडवणूक' असते. तिला इंपिडन्स म्हणतात आणि ती ओहममध्ये मोजतात. (दहावीला येणारा रोध आणि हा इंपिडन्स सख्खे भाऊ आहेत, पण एकच नव्हेत. इंपिडन्समध्ये रोधासोबत कॉइल आणि कपॅसिटर यांचा परिणामही धरतात.) आजचे रेडिओ ५० ओहमसाठी बनवलेले असतात. मोकळ्या जागेतल्या डायपोलचा मध्यभाग सुमारे ७३ ओहमचा असतो. ५० आणि ७३ यांत फार फरक नाही, काम चालतं. पण फरक खूप मोठा असेल तर?

साहित्य : दोरीउडीची जाड दोरी, एक बारीक दोरी, दोन मुलं.
कृती : दोन्ही दोऱ्या एकमेकींना गाठ मारून जोडा. एका मुलाने बारीक दोरीचं टोक आणि दुसऱ्याने जाड दोरीचं टोक धरायचं. दोरी थोडी ताणलेली हवी. आता बारीक दोरीच्या टोकाला एकच झटका द्या.
निरीक्षण : झटक्याची लाट गाठीपर्यंत जाते. तिथे तिचा काही भाग जाड दोरीत शिरतो आणि काही भाग उलटा फिरून झटका देणाऱ्याच्या हाताकडे परत येतो.

मग दोन्ही दोऱ्या सारख्याच जाडीच्या घेऊन हाच प्रयोग करा. गाठीजवळ लाट जवळपास अडतच नाही. यालाच जुळणी म्हणायचं. वाट आणि अँटेना यांची अडवणूक सारखी असेल तर लहर सरळ पुढे जाते. नसेल तर काही भाग परत फिरतो. जाणारी आणि येणारी लहर एकमेकींत मिसळून वाटेवर उंच-सखल ठिकाणं तयार होतात. सर्वांत उंच आणि सर्वांत सखल यांचं गुणोत्तर म्हणजे एसडब्ल्यूआर. उत्तम जुळणी म्हणजे १ : १. अँटेना ३००० ओहमची आणि वाट ५० ओहमची असेल, तर ३००० भागिले ५० म्हणजे ६० : १. ही अगदी वाईट जुळणी.

तुम्ही म्हणाल, ३००० ओहमची अँटेना कोण लावतं? कोणी मुद्दाम लावत नाही. पण ७ मेगाहर्ट्झसाठी बांधलेली तीच २० मीटरची तार १४ मेगाहर्ट्झवर वापरली, की तिचा मध्यभाग काही हजार ओहमचा होऊन बसतो. प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी तार बांधायला आपल्या पिंपरीत कोणाकडे एवढी गच्ची आहे? एकाच तारेवर अनेक पट्टे चालवायचे असतात. तिथून खरी अडचण सुरू होते.

३. दोन प्रकारच्या वाटा

पहिली वाट म्हणजे कोअॅक्स केबल. केबल टीव्हीची काळी गोल वायर आपण सगळ्यांनी बघितली आहे. मध्ये एक तार, तिच्याभोवती प्लास्टिक, त्यावर तारांची जाळी आणि बाहेर आवरण. हॅम लोक अशीच, पण ५० ओहमची केबल वापरतात. ती भिंतीला चिकटवा, लोखंडी पाइपला बांधा, जमिनीखालून न्या, तिला फरक पडत नाही. म्हणून ती लोकप्रिय आहे.

दुसरी वाट म्हणजे समतोल फीडलाइन. दोन सारख्या तारा, सारख्या अंतरावर, मध्ये जागोजागी अडसर. म्हणून तिला शिडी-तार किंवा लॅडर लाइन म्हणतात. आपली टीव्हीची ती चपटी वायर याच कुळातली होती, ३०० ओहमची. माझ्या विद्यार्थिनीला अखेर उत्तर मिळालं!

पण दोन उघड्या तारांमधून शक्ती नेली, तर ती वाटेतच हवेत पसरणार नाही का? नाही. यासाठी कावड आठवा. कावडीच्या दोन्ही बाजूंच्या घागरी सारख्या भरलेल्या असतील तर खांद्यावरची काठी आडवी राहते. शिडी-तारेतही असंच असतं. एका तारेतून जेवढा प्रवाह एका दिशेने जातो, बरोबर तेवढाच प्रवाह त्याच क्षणी दुसऱ्या तारेतून उलट दिशेने जातो. दोघांचे परिणाम दूरवर एकमेकांना खोडून काढतात. म्हणून वाट स्वतः लहरी सोडत नाही. हे काम अँटेनाकडे राहतं. एक घागर रिकामी झाली तर कावड कलंडते, तसंच एका तारेतला प्रवाह कमी-जास्त झाला की समतोल बिघडतो. म्हणूनच शिडी-तार लोखंडी ग्रिलला टेकवायची नसते आणि तिची गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवायची नसते.

शिडी-तारेचा इंपिडन्स कसा ठरतो? तारांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर यावरून. अंतराची दुप्पट करा, तिला तारेच्या व्यासाने भागा, आलेल्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या आणि २७६ ने गुणा. २ मिलिमीटर व्यासाच्या तारा १५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर १५० चा लॉग २.१७६ आणि उत्तर सुमारे ६०० ओहम. लॉग सातवीला नसतो, पण मोठ्या भावंडांना हे गणित जरूर द्या.

४. शक्ती कुठे हरवते?

आता काकांनी माझ्या वहीत करून दिलेला हिशोब बघा. समजा, रेडिओ १०० वॅट देतो. वाट ३० मीटर लांब आहे. पट्टा १४ मेगाहर्ट्झचा आणि अँटेनाचा मध्यभाग ३००० ओहमचा आहे.

बारीक कोअॅक्स (आरजी-५८ प्रकारची) वापरली, तर अँटेनापर्यंत १० वॅटसुद्धा पोहोचत नाहीत. बाकी सगळी शक्ती केबल गरम करण्यात जाते.

४५० ओहमची शिडी-तार वापरली, तर ९० वॅटच्या आसपास शक्ती वर पोहोचते.

एवढा फरक का पडतो? तीन कारणं आहेत.

पहिलं कारण प्रवाहाचं. १०० वॅट ५० ओहमच्या वाटेने न्यायचे तर सुमारे १.४ अँपिअर प्रवाह लागतो. तेच ४५० ओहमच्या वाटेने नेताना अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह पुरतो. तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह एक तृतीयांश झाला की तीच तार एक नवमांशच तापते. चाकणकडे जाताना उंच मनोऱ्यांवरून विजेच्या तारा जातात ना? वीज दूर नेताना व्होल्टेज वाढवून प्रवाह कमी का ठेवतात, त्याचं उत्तरही हेच.

दुसरं कारण, शिडी-तारेच्या मध्ये बहुतांश हवा असते. कोअॅक्सच्या आत भरलेलं प्लास्टिकही थोडी शक्ती खातं, हवा जवळपास खात नाही.

तिसरं कारण फेऱ्यांचं. जुळणी वाईट असेल तर लहर अँटेनापासून परत येते, खालून पुन्हा वर जाते, पुन्हा परत येते. गळक्या कळशीतून पाणी आणताना एक फेरी असेल तर थोडं सांडतं. पण त्याच पाण्याने दहा फेऱ्या मारल्या तर कळशीत काय उरणार? कोअॅक्स ही थोडी गळकी कळशी आहे. एकाच फेरीत काम भागलं तर चालून जातं. शिडी-तार जवळपास गळतच नाही, म्हणून फेऱ्या झाल्या तरी बिघडत नाही.

म्हणजे कोअॅक्स वाईट का? अजिबात नाही. जुळणी चांगली असेल तर ती उत्तम काम करते. याचं जुनं उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. दापोडीहून नदी ओलांडली की पलीकडे खडकी. तिथलं प्रक्षेपण केंद्र आणि दौंडचं ग्रहण केंद्र मिळून इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली ती २३ जुलै १९२७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते. मार्कोनी कंपनीच्या या 'बीम' पद्धतीसाठी चार्ल्स फ्रँकलिन या अभियंत्याने एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्यांची फीडलाइन वापरली होती. आजच्या कोअॅक्सची ती थोरली बहीण. तिथे वारंवारता ठरलेली आणि अँटेना त्यासाठीच बांधलेली, म्हणून जुळणी एकदा नीट केली की झालं. हॅमचं तसं नसतं. तो आज या पट्ट्यावर, तर उद्या त्या पट्ट्यावर.

५. ट्यूनर : घाट तोच, गिअर वेगळा

आता ती बटणांची पेटी. रेडिओला ५० ओहम हवेत आणि शिडी-तारेच्या खालच्या टोकाला दिसतं काहीतरी भलतंच. कधी ८० ओहम, कधी २००० ओहम, सोबत कॉइल किंवा कपॅसिटरसारखी वागणूक. अँटेना ट्यूनर या दोघांच्या मध्ये बसतो. त्याच्या आत बदलता येणारे कपॅसिटर आणि कॉइल असतात. बटणं फिरवून त्यांचा असा मेळ बसवायचा, की रेडिओला समोर ५० ओहमच दिसावेत. मग रेडिओ निर्धास्त पूर्ण शक्ती देतो. जुळणी वाईट असेल तर आजचे रेडिओ स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतात.

मुलांना मी गिअरच्या सायकलचं उदाहरण दिलं. घाट चढताना आपण गिअर बदलतो. पायाला जोर कमी लागतो, पण घाट सपाट होत नाही. ट्यूनर म्हणजे गिअर. तो अँटेना सुधारत नाही आणि वाटही सुधारत नाही. तो फक्त रेडिओच्या पायाला सोयीचा जोर लावून देतो.

आणखी एक छोटी गोष्ट लागते. बहुतेक ट्यूनर आणि रेडिओ 'असमतोल' असतात, म्हणजे त्यांची एक बाजू पेटीच्या धातूला जोडलेली असते. शिडी-तारेच्या दोन्ही बाजू मात्र सारख्या हव्यात. या दोघांची सांगड घालणाऱ्या भागाला बलून म्हणतात. वाढदिवसाचा फुगा नव्हे! समतोल आणि असमतोल या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची सुरुवात जोडून हे नाव पडलं. जुन्या टीव्हीच्या मागे चपटी वायर जोडायला एक छोटी डबी यायची, तिच्यात हाच बलून असायचा.

६. मीटर कुठे लावलंय?

हा भाग कृपया सावकाश वाचा.

कोअॅक्सच्या उदाहरणात गच्चीवर, अँटेनाजवळ, एसडब्ल्यूआर ६० : १ आहे. पण त्याच केबलच्या खालच्या टोकाला, रेडिओजवळ मीटर लावलं तर ते जेमतेम ५ : १ दाखवतं. असं का? परत येणारी लहर वाटेतच इतकी क्षीण होते, की खाली पोहोचेपर्यंत तिच्यात जोरच उरत नाही. मीटरला वाटतं, फार काही परत येत नाहीये, म्हणजे बरं चाललंय! मग आपण ट्यूनरची बटणं फिरवतो आणि मीटर चक्क १ : १ दाखवतं. रेडिओ खूश, आपण खूश. आणि गच्चीवर १०० पैकी १० वॅटही पोहोचलेले नसतात.

काका म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही. पण ते त्याच्या जागेपुरतंच खरं बोलतं."

यावर उपाय तीन. एक, प्रत्येक पट्ट्यासाठी नीट कापलेली अँटेना आणि चांगली कोअॅक्स. दोन, ट्यूनर खाली न ठेवता वर, अँटेनाजवळच बसवायचा. तीन, शिडी-तार घ्यायची आणि ट्यूनर खाली ठेवायचा. काकांनी तिसरा उपाय निवडला, कारण तो स्वस्त आहे आणि घरी बनवता येतो. तांब्याच्या दोन तारा आणि प्लंबरकडे उरलेल्या पीव्हीसी पाइपच्या चकत्या. दर हातभर अंतरावर एक चकती. पावसात तारा ओल्या झाल्या की जुळणी थोडी सरकते आणि बटणं पुन्हा फिरवावी लागतात, एवढाच त्रास.

७. मुंबईतला ४२.३४ मीटरचा आवाज

तरंगलांबी शिकवताना मी मुलांना एक आकडा दिला : ४२.३४ मीटर. वारंवारता काढा. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. आपण व्हरांड्यात मोजलेल्या तारेच्या अगदी शेजारची! ही तरंगलांबी होती १९४२ च्या मुंबईतल्या गुप्त काँग्रेस रेडिओची.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी रेडिओ चालवायचं ठरवलं. प्रक्षेपक उभारून दिला नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने. २७ ऑगस्ट १९४२ पासून हा आवाज हवेत जाऊ लागला. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून केंद्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहावं लागलं. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना आपल्या येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं गेलं.

मी मुलांना विचारलं, "घर बदललं की काय काय बदलेल?" उत्तरं आली : तारेची उंची, जवळच्या भिंती, लोखंडी गज, वाटेची लांबी. बरोबर! यातलं काहीही बदललं की अँटेनाचा इंपिडन्स बदलतो आणि जुळणी पुन्हा बघावी लागते. भाषण कितीही धीट असलं, तरी ते तारेपर्यंत पोहोचलं तरच लोकांपर्यंत पोहोचणार. इतिहास आणि विज्ञान एकाच तासात असे क्वचित भेटतात.

८. माझी चूक

आता कबूल केलेली गोष्ट.

पाठाच्या शेवटी मी सुरक्षिततेचे नियम फळ्यावर लिहिले. मग विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" अख्खा वर्ग एका सुरात, "हो बाई!" मी समाधानाने डस्टर ठेवलं.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला एका आईचा फोन आला. वडील चाकणला कंपनीत, दुसऱ्या शिफ्टला. मुलगा पत्र्याच्या घरावर चढला होता. हातात २० मीटर तार, तारेच्या टोकाला दगड बांधलेला. समोरच्या इमारतीच्या गजावर फेकायचा त्याचा बेत होता. दोन्हींच्या मधून विजेच्या उघड्या तारा जात होत्या. आईने खालून बघितलं आणि ओरडून थांबवलं, म्हणून निभावलं. ती मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, तो म्हणतोय बाईंनीच सांगितलंय."

मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बसवून विचारलं, "फळ्यावरचा पहिला नियम काय होता?" त्याने घडाघडा म्हणून दाखवला : विजेच्या तारांजवळ अँटेना बांधू नये. "मग?" तो म्हणाला, "बाई, मी जवळ बांधत नव्हतो. वरून फेकत होतो."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. नियम त्याच्यापर्यंत शब्दांत पोहोचला होता, अर्थ वाटेत हरवला होता. आणि मी "हो बाई" ऐकून जुळणी एकास एक धरली होती. माझं मीटर माझ्या टेबलाजवळ होतं.

तेव्हापासून मी "समजलं का?" हा प्रश्न सोडला आहे. त्याऐवजी करून दाखवायला सांगते. आम्ही मैदानात सुतळीची खोटी वीजतार ताणली आणि प्रत्येक गटाला विचारलं, "तुमची अँटेना सुटून खाली पडली, तर कुठपर्यंत जाईल? दाखवा." मुलांनी सुतळी हातात धरून गोल फिरून बघितलं. तोच मुलगा म्हणाला, "बाई, माझी तार तर वीजतारेवरच पडली असती." हे वाक्य मला फळ्यावरच्या दहा नियमांपेक्षा मोलाचं वाटतं.

९. पालकांसाठी : हे नक्की पाळा

• अँटेनाची तार विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही न्यायची नाही. तार सुटली, तुटली, झोका खाल्ला, तरी ती वीजतारेपर्यंत पोहोचता कामा नये, एवढं अंतर हवं.
• तारेला दगड बांधून फेकायचा नाही. पत्र्यावर चढायचं नाही. गच्चीवर मोठं माणूस सोबत हवं.
• शिडी-तारेला प्रक्षेपण चालू असताना हात लावायचा नाही. आपल्या वरच्या उदाहरणात १०० वॅटवरही अँटेनाच्या मध्यभागी ५०० व्होल्टच्या पुढे दाब जातो. चटका बसतो तो खोलवर.
• वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट सुरू होण्याआधीच अँटेना रेडिओपासून सोडवून घराबाहेर ठेवायची. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावायला जायचं नाही.
• परवान्याशिवाय प्रक्षेपण करायचं नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची अट १२ वर्षं पूर्ण, म्हणजे सातवी-आठवीतली मुलंसुद्धा बसू शकतात.

"पण मोबाइलच्या काळात हे शिकून काय उपयोग?" असं एका पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम आपल्या चमूसह हौशी रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. नेहमीची संपर्कसाधनं कोलमडली. त्यांनी रेडिओवरून अंदमानमधल्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवायला मदत केली. टॉवर पडले तरी एक तार, एक बॅटरी आणि नीट जुळवलेली वाट पुरते.

१०. वर्गात घेण्यासाठी

१. दोन दोऱ्यांचा प्रयोग (परिसर अभ्यास / विज्ञान).
२. १४३ भागिले वारंवारता हे सूत्र वापरून ७.१, १४.२ आणि २१.२ मेगाहर्ट्झसाठी तारेची लांबी काढणे, मग मैदानात मोजणे (गणित).
३. काठीला दोन बाजूंना पाण्याच्या सारख्या बाटल्या बांधून कावड करणे, एका बाटलीतलं पाणी कमी करून काय होतं ते बघणे.
४. घरी आजी-आजोबांना चपट्या वायरच्या टीव्ही अँटेनाबद्दल विचारून पाच वाक्यं लिहिणे (मराठी).

तो मुलगा आता दर रविवारी त्याच्या आईच्या परवानगीने काकांकडे जातो. रेडिओला हात लावायची परवानगी अजून नाही, कानाला हेडफोन लावून ऐकतो फक्त. परवा त्याने मला विचारलं, "बाई, मीटर वर अँटेनाजवळ लावलं तर खाली बसून ते वाचायचं कसं?"

मी म्हटलं, "शोध की." खरं सांगायचं तर, आम्हा शिक्षकांचा प्रश्नही तोच आहे.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी विचारलेले प्रश्न मला जरूर कळवा.